भरवशाचा माणूस

शहापूरच्या जगदीशने मोटरसायकलचे हप्ते थकवले आणि बँकेत त्याचं नाव पार खराब झालं. इकडे मुरबाडच्या योगिनीचे वडील, कमळूमामा, अडून बसलेले, "आधी पक्कं घर बांध, मंग पोरीला मागणी घाल." घरासाठी कर्ज द्यायला बँक तयार होईना. शेवटी बँकेतल्या साहेबानेच तोडगा सांगितला, "मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड घ्या, थोडंथोडं वापरा आणि बिल वेळेवर भरा, म्हणजे बँकेत नाव सुधारेल."

गावातल्या दुकानात कार्ड चालत नव्हतं, म्हणून जगदीश तेल-साबणसुद्धा कल्याणहून आणू लागला. कोणी विचारलं, की कार्ड नाचवत ऐटीत सांगायचा, "आज माल घ्यायचा, पैसं पुढल्या महिन्यात!" बिल मात्र त्याने एकदाही चुकवलं नाही. दोन वर्षांनी साहेबाने उठून हात मिळवला, "तुमच्यासारखा भरवशाचा माणूस शोधून सापडायचा नाही." कर्ज मंजूर झालं. जगदीश पेढे घेऊन तडक मुरबाडला गेला.

कमळूमामांनी पेढ्याला हातसुद्धा लावला नाही.



"पोरगी नाय द्यायची तुला. आमी तुज्या गावात चौकशी केली, अंगाचा साबनसुद्धा उधारीवर आनतोस म्हनं!"