चुकल्यावरची हाक

भूकंपाच्या खेळात शर्वरी पुन्हा चुकली. डोळ्यांवर खेळाचे आभासी चष्मे चढवलेली बाकीची मुलं, चष्म्यातली जमीन हलताच बाकांखाली शिरली. ही मात्र तशीच उभी.

चुकणाऱ्या मुलाला हा खेळ आईच्या आवाजात हाक मारायचा. परक्याचं मुलं ऐकत नाहीत, म्हणून शाळेने पहिलीतच सगळ्यांच्या आयांचे आवाज भरून घेतले होते.

"शरे, बाकाखाली शीर आधी!"

तेव्हा कुठे शर्वरी हसत हसत आत शिरली.

निकम बाईंनी तिचा चष्मा उतरवला. "अगं, तीसपर्यंतचे पाढे पाठ तुझे, आणि एवढंच कसं गं चुकतं?"

"बरोबर खेळलं की आई बोलतच नाही, बाई."

शर्वरीची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. खेळातला तिचा आवाज बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी गणिताच्या तासाला जमीन खरोखरच हलली. फळा भिंतीवरून निखळला. मुलं भराभर बाकांखाली शिरली.

"शर्वरी, खाली!" बाई ओरडल्या.

पण तिला 'शरे' म्हणणारं एकच माणूस होतं. वर्गाच्या मधोमध, चष्म्याशिवाय, ती कान देऊन उभी राहिली.