जसंच्या तसं

दाराची कडी वाजली. केल्सीच्या हातातली सुरी पावावरच थांबली.

"आजी, बस गं. शिट्टी अजून झाली नाही. दोरी मीच ओढते ना?"

आग्नेस आजी रबरी एप्रनसकट पुन्हा खुर्चीत बसली.

मासे डबाबंद करण्याचा गावातला कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झाली. आता मोठी जहाजं येतात, पाहुणे उतरतात, गंज पुसून ठेवलेली यंत्रं बघतात. दर घोळक्यासाठी केल्सी दोरी ओढून कारखान्याची जुनी शिट्टी वाजवते. तिकडे घरी म्हातारी उठते आणि दाराशी धावते. शेजारची वेरा तिला अडवते. "आज मासेच आले नाहीत, बाई," म्हणते आणि संध्याकाळी केल्सीला चिडवते, "मुकादम मेला, तरी तुझ्या आजीची हजेरी चुकत नाही."

आज वेरा गावाला गेली होती. आजीला आणि सहा वर्षांच्या लेकीला, नोराला, केल्सीने कारखान्यात बरोबरच नेलं. म्हटलं, एकदा आजीला तिच्या जागेवर उभं करू. जीव तरी शांत होईल.

"इथं सगळं जसंच्या तसं ठेवलंय," तिने पाहुण्यांना रोजचंच सांगितलं. "या टेबलाशी बाया डबे भरायच्या. तान्ही पोरं टेबलाखाली, खोक्यात निजवायच्या."

खोक्यात कापडाची बाहुली होती. पाहुण्यांनी वाकून वाकून फोटो काढले.

केल्सीने दोरी ओढली.

आजी टेबलाशी उभी राहिली नाही. ती गुडघ्यांवर बसली. खोकं ओढलं, बाहुली उचलली, उलटीपालटी करून बाजूला ठेवली. मग हात पार आत घातला, भिंतीपर्यंत.

"सुटीची शिट्टी झाली," ती म्हणाली. "सगळ्यांची पोरं घरी गेली. माझा वॉल्टर कुठाय?"

वॉल्टर हे नाव घरात आजवर कुणी काढलं नव्हतं. केल्सीची दोरीवरची मूठ सुटेना. म्हणजे इतके दिवस आजी कामावर निघत नव्हती.

पाहुण्यांना वाटलं, हाही खेळच. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी पुढचा घोळका येऊन थांबला होता.

नोराने टेबलाखाली डोकावून पाहिलं. मग केल्सीची बाही ओढली.

"आई, इथं सगळं जसंच्या तसं ठेवलंय ना? मग पणजीचं बाळ कुठे ठेवलंय?"