मिठाचा आळ

शेतात मिठासारखा पांढरा थर दिसला, तेव्हा मनकर्णाबाईनं थेट चुलतदिरावर, त्रिंबकवर आळ घेतला. तेव्हापासून आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. पीक सुकलं, की ती कालव्याचं पाणी आणखी सोडायची.

आज माती तपासायला आलेला साहेब म्हणाला, "बाई, मीठ कुणी टाकलं नाही. जमिनीच्या पोटातलंच आहे. तुमच्या जास्तीच्या पाण्यानं वर आलंय."

मनकर्णाबाईनं साहेबाच्या हातातली माती निरखून पाहिली. मग तडक त्रिंबकच्या दारात गेली.

"भावजी, चुकलं माझं. मीठ पाण्यानंच वर आलं म्हणं."

त्रिंबकचा चेहरा उतरला. त्यानं तिला घरामागच्या रानात नेलं. तेही पांढरंफटक पडलं होतं.

"वैनी, मला वाटलं, सूड म्हणून तुमीच टाकलं."