उद्या काय कराल?

आमची नेरेइदा मावशी सात महिने अंथरुणाला खिळली होती. केस विंचरले तरी तिला दम लागायचा. अख्खी गल्ली म्हणायची, "मन खचलंय हो बाईचं."

नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उद्या अंगात बळ आलं, तर काय कराल?"

"काय नाही करणार! कार्निव्हलात पहाटेपर्यंत नाचेन, नदीकाठी तळलेली मासळी हाणेन, जावेशी राहिलेलं भांडण पुरं करेन, दाराला पिवळाधमक रंग..." मावशीला धाप लागली, पण यादी संपेना.

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "मन ठणठणीत आहे! खचलेल्याला काही करावंसंच वाटत नाही. तुम्हाला सगळं करायचंय, शरीर साथ देत नाही. हा थकव्याचा आजार. खाता काय?"

"कॉफी आणि गोड पाव."

"आता राजमा, अंडी, मासळी खा. आजार लगेच जाणार नाही, पण अंगाला आधार मिळेल."

मग सहज त्यांनी उशाशी बसलेल्या मावशीच्या नवऱ्याला, अन्सेल्मो काकांना विचारलं, "आणि तुम्ही उद्या काय कराल?"

काकांनी खांदे उडवले. "मी? काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मावशी काकांचा हात घट्ट पकडून म्हणाली,

"अरे देवा! म्हणजे सात महिने सगळे भलत्याच माणसाची समजूत घालतायत!"