हाताने घ्या

"आज तरी हात मांडीवर ठेवा," ती म्हणाली.

वस्तादांनी चष्मा पुसला. "मॅडम, मी हुकमाचा ताबेदार. साहेब म्हणाले हाताने घ्या, की मी घेणार."

घरी ती त्यांना 'बाबा, तू' म्हणायची. नियंत्रण कक्षात मात्र बापलेक एकमेकांना अहो-जाहो करत आणि बाकीचे गालातल्या गालात हसत. आज कोणी हसलं नाही. आजची चाचणी तिसरी होती आणि शेवटचीही.

नवी यंत्रणा बसवायला ती दोन वर्षं राबली होती. आता निम्मी वीज ऊन आणि वारा देत होते, आणि दोघांचाही काही नेम नसे. ढग आला की सौर प्रकल्पांची वीज मिनिटांत घसरायची. ती तूट बॅटऱ्यांनी भरायची की धरणाच्या पाण्याने, कधी आणि किती, हे यंत्रणा आपलं आपण ठरवायची. चाचणीची अट एकच: बारा ते चार माणसाने मध्ये पडायचं नाही. पडला की नापास.

आधीच्या दोन्ही वेळा भिंतीवरचा विजेच्या वारंवारतेचा आकडा, जो पन्नासवरच राहायला हवा, खाली उतरू लागला, मोठ्या साहेबांना घाम फुटला, ते "हाताने घ्या" म्हणाले आणि वस्तादांनी जुन्या डेस्कवरून कारभार ताब्यात घेतला. यंत्रणेने पुढे काय केलं असतं ते कोणालाच कळलं नाही. तिने मुकाट्याने दोन्ही वेळा नापासाचा अहवाल लिहिला. दुसऱ्यानंतर ती आठवडाभर बापाशी बोलली नव्हती. आज तिसरा लिहावा लागला, तर यंत्रणा खोक्यांत भरून परत जाणार होती आणि दोन वर्षं पाण्यात.

साहेब माणूस वाईट नव्हते. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत अख्खा प्रदेश अंधारात गेला होता, आणि तेव्हाही डेस्कप्रमुख असलेल्या वस्तादांनी नऊ तासांत तो पुन्हा उजळवला होता. तेव्हापासून साहेबांचा वस्तादांच्या हातांवर जेवढा विश्वास, तेवढा स्वतःच्या सहीवरही नव्हता.

दोनच्या सुमाराला पडद्यावर ढगांचा पट्टा दिसू लागला.

"यंत्रणेला हे तासाभरापूर्वीच कळलंय," ती साहेबांना म्हणाली. "आकडा थोडा उतरेल. उतरू द्यायचाय. ती मुद्दाम थांबते, ढग किती दाट आहे ते बघते, मग बॅटऱ्या सोडते."

"आणि थांबली ती थांबलीच तर?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण आकड्यांचं होतं. साहेबांना आकड्यांचं उत्तर नको होतं. त्यांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी खुर्ची डेस्कजवळ ओढली.

दोन वाजून बारा मिनिटांनी आकडा एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याण्णव झाला. मग चौऱ्याण्णव. मग एक्क्याण्णव. कक्षात सगळे उभे राहिले.

"साहेब, अजून अर्धं मिनिट. फक्त अर्धं."

"हाताने घ्या," साहेब म्हणाले.

"बाबा, नको."

कक्षात ती पहिल्यांदाच त्यांना बाबा म्हणाली. वस्तादांनी मान वर केली नाही. "घेतलं," ते म्हणाले, आणि त्यांची बोटं खटक्यांवरून सराईतपणे फिरली.

आकडा अठ्ठ्याऐंशीवर थबकला. मग वर निघाला. नव्वद. पंच्याण्णव. पन्नास. बाहेर कुठल्या घरातल्या पंख्यालाही काही कळलं नसेल.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "याला म्हणतात हात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे यंत्राला कुठून येणार?" दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. चार वाजेपर्यंत साहेब खुशीत होते, पुन्हा ढग आले तरी त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. त्यांचा माणूस डेस्कवर होता.

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही सख्ख्या बापाचा. चारच्या ठोक्याला ती त्यांच्या खुर्चीजवळ गेली.

"तुला माझं काहीच बघवत नाही का रे?" ती हळू आवाजात म्हणाली.

"मॅडम, अहवाल लिहायचाय ना तुम्हाला?" वस्ताद डबा पिशवीत भरत होते. "नोंद बघून लिहा. अंदाजाने लिहू नये."

"बरोबर आहे," मागून साहेब म्हणाले. "मोठ्याने वाचा. हाताने किती वाजता घेतलं, ती वेळ मलाही हवीय. वर दाखवायला बरी पडेल."

तिने यंत्रणेच्या नोंदीचा कागद छापून घेतला. वाचायची इच्छा नव्हती, तरी वाचू लागली.

"बारा ते चार. यंत्रणा अखंड चालू. दोन वाजून तेरा मिनिटांनी बॅटऱ्या सोडल्या. हाताने दिलेले आदेश..." ती थांबली. "शून्य."

"शून्य कसे? आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खालची ओळ वाचा."

खालची ओळ तिने आधी मनात वाचली. मग मोठ्याने वाचली.

"जुन्या डेस्कची जोडणी सकाळी नऊ चाळीसला काढली. काढणारे: डेस्कप्रमुख."