चार इंच
किम्बर्लीच्या दुर्गम भागात, नदीपात्रातल्या दगडांवर क्लेमच्या जुन्या पिकअपचं पोट घासायला लागलं, तेव्हा गॅरेजवाला डॅरिल म्हणाला, “काका, नवं सस्पेन्शन घालू. गाडी चार इंच उचलली जाईल. मग खुशाल पलीकडे मासे धरायला जा.” क्लेमने सीटची उंची मोजली आणि मान हलवली. “नको रे. लॉर्नाच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. ती एवढ्या उंच चढणार कशी?” गॅरेजात चहा पीत बसलेल्या लॉर्नाने, त्याच्या बायकोने, कप खाली ठेवला. “दोन वर्षं माझ्या खुब्याचं निमित्त करून नदीपलीकडे जायचं टाळतोयस. मला विचारलंस कधी?” काठी टेकत ती शेजारी उभ्या, तशाच उंच केलेल्या गाडीपाशी गेली. क्लेम धावला, तिने हातानेच थांबवलं. दाराजवळची दांडी धरून, एकेक पाय जपून ठेवत ती सीटवर पोहोचली, धापा टाकत हसली. “डॅरिल, उचल आमची गाडी,” ती म्हणाली. “आणि क्लेम, मला उतरवायला ये.”