पडद्याआडची खडीसाखर

"वारा सरला का?" राउंडला आलेल्या डॉक्टरांनी पडद्याच्या दोन्ही बाजूंना विचारलं. दोन्हीकडून 'नाही' आलं.

दोघांनाही गुदाशयाचा कॅन्सर, दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी. आमच्या ह्यांचं दुर्बिणीतून, पलीकडच्या टिपणिसांचं रोबोटनं. "रोबोट म्हणजे बघायलाच नको," टिपणीसबाई फोनवर ज्याला त्याला सांगायच्या. मी ह्यांचे पाय चेपत ऐकायचे आणि मनात यायचं, आपण ह्यांच्यासाठी काही कमी तर नाही ना केलं?

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी चादर तोंडावर ओढून सांगितलं, "सरला गं." जोडलेलं आतडं कामाला लागलं होतं. मी रडले, हसले, देवाला हात जोडले. पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढली. "आमची दुर्बीण पहिली आली!" असं पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणणारच होते.

तेवढ्यात टिपणीसबाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "सिस्टर, रोबोटचा हट्ट धरून मी ह्यांचं वाईट तर नाही ना केलं?"

माझीच भीती ती. मी पुडी परत पिशवीत ठेवली आणि ह्यांना म्हटलं, "एवढ्यात कुणाला सांगू नका."

संध्याकाळी पलीकडून दणदणीत आवाज झाला. ह्यांनी टाळी वाजवली. मी पडदा सारला आणि टिपणीसबाईंच्या हातावर खडीसाखर ठेवली. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुमच्या ह्यांचं?"

"आत्ताच हो," मी म्हटलं. "तुमच्या पाठोपाठ."